पाचव्या वळणावरचा झेंडा

९ मार्च

प्रिय काका,

पहिली रेस झाली. सोळा जणांत चौदावी आले. उरलेले दोघे पडले होते, म्हणजे खरं तर शेवटचीच. घरी सांगताना नुसतं 'चौदावी' सांग. बाबा तरीही म्हणतीलच, "दोन चाकांवर जीव टांगायचा आणि वर शेवटून पहिलं यायचं!"

इथल्या क्लबचा ट्रॅक तुझ्या तिथल्यासारखा मोठा नाही. जुन्या विमानतळाची धावपट्टी आहे, तिच्यावर टायर रचून वळणं केलीत. सकाळी सातला गाड्यांची तपासणी. तपासनीस बाईंनी माझ्या गाडीचे ब्रेक दाबून पाहिले, साखळी बोटाने उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "गाडी ठीक आहे. तू ठीक आहेस का? ओठ पांढरे पडलेत." कारखान्यात आठवडाभर चष्म्याच्या काचा घासते, केसाएवढा फरक बोटाला कळतो. आणि तिथे रेषेवर उभी राहिले तर क्लच डाव्या हाताला की उजव्या, तेच आठवेना. सगळे सुटले, माझं इंजिन बंद! मागून कुणीतरी ओरडलं, "अगं, बटण दाब, बघत काय बसलीस!"

तिसऱ्या लॅपला मात्र काहीतरी झालं. एका लांब वळणात गाडी वाकली, गुडघा जमिनीजवळ गेला, आणि घाबरायचं राहूनच गेलं. वळण संपल्यावर लक्षात आलं की आपण घाबरलो नव्हतो. काका, मला हे पुन्हा हवंय.

उस्तादांना, म्हणजे गल्लीतल्या मेकॅनिकना (गाडी त्यांचीच), विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "गाडी परत आली, तूही परत आलीस. पहिल्या दिवशी अजून काय पाहिजे?"

काकूला नमस्कार.

तुझी
भिंगरी


१७ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकूने मोठ्याने वाचलं. 'शेवटून पहिली' म्हटल्यावर इतकी हसली की कप कलंडला. मग म्हणाली, "आता हिला गुडघ्याची पॅडं पाठवा, नुसते आशीर्वाद काय कामाचे?" पार्सल वेगळं येतंय.

वेग तुला कुणीही शिकवेल. मी झेंडे शिकवतो, कारण मला तेवढंच येतं. वीस वर्षं झाली, आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करतो आणि रेसच्या रविवारी पाचव्या वळणावर झेंडा घेऊन उभा राहतो. लोक विचारतात, दोन्हींचा काय संबंध? मला तर ते एकच काम वाटतं. माणूस सुखरूप खाली उतरला पाहिजे, बस.

तर पिवळा झेंडा हलला की समजायचं, पुढे कुणीतरी आडवं पडलंय आणि त्याला उचलायला माणसं ट्रॅकवर उतरलीत. ॲक्सिलरेटरवरचा हात सैल सोडायचा. आणि कितीही मोह झाला तरी कुणाला मागे टाकायचं नाही. हिरवा झेंडा दिसला की मग काय ते कर. वळणं पुढे भरपूर असतात.

बाबांना 'चौदावी' सांगितलं. त्यांनी विचारलं, "कितींत?" मी म्हटलं, लिफ्टचा फोन आलाय, आणि निघालो.

तुझा
काका


२ डिसेंबर

प्रिय काका,

बस खाली आणि मग वाच. क्लबची या वर्षाची विजेती मी आहे.

गेल्या वर्षी, पहिल्या मोसमात, सातवी होते, या वर्षी नऊपैकी पाच रेस जिंकले. चषक कारखान्यात नेला तर मुकादम त्यात पेनं ठेवू म्हणाले. पण खरी बातमी पुढेच आहे. एका टीमचे मॅनेजर शेवटच्या रेसला आले होते. राष्ट्रीय स्पर्धेसाठी त्यांना दुसरा रायडर हवाय. मला म्हणाले, "तू वळणात उशिरा ब्रेक मारतेस. कुणी शिकवलं?" मी म्हटलं, कुणी नाही, भीती उशिरा पोचते माझ्यापर्यंत. ते हसले नाहीत. कागद पुढे केला.

सही केली. उस्तादही सोबत येणार आहेत, अट घातली मी.

राष्ट्रीय स्पर्धेत सगळे एकमेकांना गाडीच्या नंबरने ओळखतात. गेली दोन वर्षं एक्केचाळीस नंबरचा जिंकतोय. कापडाच्या दुकानात काम करतो म्हणे, फार सभ्य माणूस. सभ्य माणसाला हरवायचं म्हणजे जिवावर येतं. पण हरवायचंय.

तुझी
भिंगरी


११ डिसेंबर

चि. भिंगरी,

पत्र घेऊन मी सरळ तुझ्या बाबांकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पेनं ठेवू नका म्हणावं त्यात, ओरखडे पडतात." माणूस विरघळलाय, पण सांगायचा नाही.

वेळापत्रक पाहिलंस का? पाच फेऱ्यांपैकी तिसरी, जूनमधली, आपल्या इथे आहे. मी पाचव्या वळणावर असेन. आता एक स्पष्ट सांगतो. त्या दिवशी मला हात करायचा नाही, भेटायला यायचं नाही. झेंडा हातात असतो तेव्हा मी कुणाचा काका नसतो. रेस संपली, झेंडे गोळा झाले, की मग घरी ये. काकू वाट पाहील.

तू जानेवारीत काचा पाठवणार म्हणालीस, त्या दोन जोड पाठव. माझा चष्मा लिफ्टच्या खड्ड्यात पडायला टपलेलाच असतो.

तुझा
काका


२८ एप्रिल

प्रिय काका,

पहिल्या फेरीत चौथी, दुसऱ्या फेरीत दुसरी! एक्केचाळीसच्या मागे फक्त अर्ध्या गाडीएवढी. एकूण गुणांत आता मी दुसरी आहे, आणि आमच्यात फरक इतका थोडा आहे की तुझ्या इथली रेस जिंकले तर मी सर्वांच्या वर.

डोक्यात दुसरं काही नाही. काच घासताना त्याचं मागचं चाक दिसतं. उस्ताद ओरडतात, "चाक काय बघतेस, रस्ता बघ!" त्यांना काय माहीत, मी आता त्याच्या चाकावरून सांगू शकते की तो कधी ब्रेक मारणार.

जूनमध्ये भेटू. म्हणजे, झेंडे गोळा झाल्यावर.

भिंगरी


१० जून

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार.

रविवारी मी घरी आले नाही. कारण आपल्याला माहीत आहे.

मी रेस जिंकले होते. खाली उतरले, उस्तादांनी मला उचललं, एक्केचाळीसने हात मिळवला. दोन तासांनी पंचांनी बोलावलं. सातव्या लॅपला पाचव्या वळणावर पिवळा झेंडा असताना मी पुढच्या गाडीला मागे टाकलं, म्हणून तीस सेकंदांचा दंड. पहिली होते ती नववी झाले. अहवालाखाली सही तुमची होती.

झेंडा मला दिसला नाही. सूर्य समोर होता. एक्केचाळीसने वेग कमी केला, मला वाटलं चुकला, मी बाहेरून गेले. एवढंच. इतर कुणीही पाहिलं नव्हतं, हे पंच स्वतः म्हणाले. म्हणजे तुम्ही लिहिलं नसतं तर काही झालं नसतं. आपली पुतणी म्हणून सोडलं असं कुणी म्हणू नये, यासाठीच लिहिलंत ना? तुमचं नाव स्वच्छ राहिलं. माझं वर्ष गेलं.

आपली
(भिंगरी म्हणू नका)


१८ जून

चि. भिंगरी,

हे मी सांगतोय आणि काकू लिहितेय, कारण माझा चष्मा मोडला आहे.

झेंडा हलत होता. तू मागे टाकलंस. जे झालं ते लिहिलं, जे झालं नाही ते लिहिलं नाही. दुसरं कुणी असतं तरी हेच लिहिलं असतं.

अजून दोन फेऱ्या आहेत. रागाने गाडी चालवू नकोस.

काका


२६ जून

काका,

चष्मा मोडलाय? जानेवारीत दोन जोड मी स्वतः घासून पाठवल्या. दोन्ही एकदम मोडल्या का? थोडं तरी पटेल असं कारण सांगायचंत. स्वतःच्या हाताने लिहायची हिंमत झाली नाही, आणि काकूला मध्ये घातलंत. आता पत्र नको.


२ जुलै

भिंगरी,

या वेळी काकू लिहितेय आणि काकूच बोलतेय. तुझ्या काकाला हे पत्र माहीत नाही. वाचनालयात कामावर बसून लिहितेय, समोर कार्डांचा ढीग पडलाय, पडू दे.

चष्मा मोडलेला नाही. मनगट मोडलंय, उजवं, दोन ठिकाणी. सहा आठवडे प्लास्टर. घरीदारी सांगितलंय की जिन्यावरून घसरलो. जिना कुठला? हा माणूस वीस वर्षं लिफ्टच्या शिड्या चढतोय, जिन्यावरून घसरेल होय?

मी त्या दिवशी कुंपणापाशी पाणी घेऊन गेले होते, म्हणून मला माहीत आहे. एकशे सात नंबरचा रायडर पडला होता, पाय गाडीखाली अडकलेला. काकाच्या वळणावरच्या जोडीदाराने झेंडा हलवला, आणि काका त्या माणसाला ओढून काढायला खाली उतरला. एक्केचाळीस हळू झाला. त्याच्या बाहेरून तू आलीस. सरळ दोघांवर. काकाने त्या माणसाला ढकललं आणि स्वतः उडी मारली, तो टायरच्या पलीकडे लोखंडी खांबावर जाऊन आदळला. तू हातभर अंतरावरून गेलीस ग. मागे वळूनही पाहिलं नाहीस.

अहवाल त्याने डाव्या हाताने लिहिला. त्यात फक्त 'मागे टाकलं' एवढंच लिहिलं. मार्शलला, म्हणजे झेंडेवाल्याला, धोका झाला असं लिहिलं असतं तर तुझं लायसन्सच काढून घेतलं असतं. जोडीदाराकडून वचन घेतलं, माझ्याकडूनही. मी आज मोडतेय. तो तुझ्यासाठी खोटं बोलला, आणि तू त्याला भित्रा म्हणतेस, हे मला ऐकवलं नाही.

तुम्हा दोघांवरही माझा राग आहे. पण जेवत जा वेळेवर.

काकू


९ जुलै

प्रिय काका आणि काकू,

हे पत्र चार वेळा फाडलं.

माझ्या गाडीवर कॅमेरा असतो. त्या रेसचं चित्रण मी आधी पाच वेळा पाहिलं होतं, माझंच बरोबर होतं हे पंचांना दाखवायला. पाचही वेळा मी एक्केचाळीसचं मागचं चाक पाहत होते. काकूचं पत्र आल्यावर उस्तादांना म्हटलं, सातवा लॅप लावा, आणि चाक सोडून बाकी सगळं दाखवा. झेंडा स्पष्ट दिसतो. सूर्य समोर नाहीच, उजवीकडे आहे. मग कडेला नारिंगी जाकीट येतं, आणि पुढच्या चित्रात त्या जाकिटाचे पाय जमिनीवर नाहीत. उस्तादांनी चित्र थांबवलं. मग ते म्हणाले, "ब्रेक मी चांगले लावून देतो. कधी दाबायचे, ते माझ्या हातात नाही." आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

काका, तू मेला असतास. ते वाक्य लिहायला मला चार कागद लागले.

काल ते चित्रण घेऊन पंचांकडे गेले. सगळं सांगितलं. मॅनेजर सोबत नव्हते, त्यांना नंतर कळलं. फोनवर म्हणाले, "झाकली मूठ होती, उघडायला कुणी सांगितली होती?" टीममध्ये ठेवायचं की नाही ते पंचांचा निकाल आल्यावर बघू म्हणाले.

मनगट कसं आहे? प्लास्टरच्या आत खाजतं का? माझा खांदा मोडला तेव्हा खूप खाजायचं. हो, गेल्या वर्षी मोडला होता. 'सर्दी झालीय' असं कळवलं होतं ना, तीच ती सर्दी.

तुझी
भिंगरी


२० जुलै

भिंगरी,

डाव्या हाताने लिहितोय, अक्षर लागेल तसं लाव.

मी जन्मात एक खोटं बोललो, आणि ते तुम्हा दोन बायकांना महिनाभरही सांभाळता आलं नाही!

पंचांचा निकाल मलाही आला. तुझी ती रेस रद्द, पुढच्या फेरीत तुला बंदी. आणि मी अहवालात निम्मी गोष्ट लपवली म्हणून हा मोसम संपेपर्यंत मला वळणावर उभं राहता येणार नाही. बरोबर आहे त्यांचं. निम्मा अहवाल देणारा मार्शल काय कामाचा? मीच दुसऱ्या कुणाला काढलं असतं. पण वीस वर्षांत एक रविवार चुकवला नव्हता ग. काल जोडीदार येऊन माझी शिट्टी घेऊन गेला. काकूने त्याला बसवलं, पाणी दिलं. मी आतल्या खोलीतून बाहेर आलो नाही.

तुझा राग आलाय. तू केलंस ते बरोबर केलंस. दोन्ही खरं आहे, माझ्या डोक्यात ते अजून जुळत नाही. जुळलं की लिहीन.

खाजतं. काकूची स्वेटर विणायची सुई आत घालतो.

काका


१४ सप्टेंबर

प्रिय काका,

तू लिहिलं नाहीस, म्हणून मीच लिहिते.

टीमने ठेवलंय. मॅनेजर म्हणाले, "निदान तू सांगशील ते खरं मानता येईल." चौथ्या फेरीला बंदी होती, तर मी त्या ट्रॅकच्या लोकांना विचारलं, मार्शल कमी आहेत का? ते म्हणाले, मार्शल नेहमीच कमी असतात. दोन दिवस शिकवलं आणि रविवारी मला नवव्या वळणावर एका पोस्टमास्तर काकांच्या हाताखाली उभं केलं.

गाडीवर बसून वेग कळतच नाही, हे मला तिथे उभं राहून कळलं. पहिल्या लॅपला सगळे एकदम आले तेव्हा मी दोन पावलं मागे सरले. पोस्टमास्तर म्हणाले, "सगळेच सरतात. पुढच्या वेळी नाही सरणार." मग अकराव्या लॅपला एक जण घसरला आणि ते खाली उतरले. झेंडा माझ्या हातात. वाकलेली त्यांची पाठ, आणि वरून येणाऱ्या गाड्या. मी असा झेंडा हलवला की खांदा निखळतोय असं वाटलं. काका, हेल्मेटच्या काळ्या काचेमागे कुणाचेच डोळे दिसत नाहीत. त्यांना आपण दिसलो की नाही, हे कळायला काही मार्गच नाही. नुसतं हलवत राहायचं. ते सात जण होते. सातही हळू झाले. मी मोठ्याने मोजत होते.

एक्केचाळीस जिंकला. जाताना माझ्या नारिंगी जाकिटाकडे पाहून थांबला आणि म्हणाला, "शेवटच्या फेरीला ये. तू नसलीस की मागे वळून बघायला मजा येत नाही."

शेवटची फेरी नऊ नोव्हेंबरला. तुला तसाही वळणावरून सुट्टी आहे. तिकिटं सोबत पाठवते. काकूला घेऊन ये. आला नाहीस तर समजेन अजून जुळलं नाही.

तुझी
भिंगरी


१६ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

पोचलो. प्रवास ठीक झाला. काकूने डब्यातल्या सर्वांना तुझ्याबद्दल सांगितलं, ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही.

त्या दिवशी तुझ्या तंबूत मी नुसता उभा राहिलो, आणि उस्तादांशी साखळीच्या तेलाबद्दल बोलून परत आलो. आयत्या वेळी माझी बोबडी वळते, तुला माहीत आहे. म्हणून आता लिहितो.

मी वीस वर्षं रेसला जातो, पण रेस कधी पाहिली नव्हती. माझ्या वळणावरून गाड्या दर लॅपला आठ सेकंदांत जायच्या, तेवढंच. कोण जिंकलं ते संध्याकाळी कळायचं. त्या रविवारी पहिल्यांदा प्रेक्षकांच्या स्टँडवर बसलो. सुरुवातीला मला तू सापडेचना. मी प्रत्येक वळणावरच्या मार्शलकडे बघत होतो. काकू म्हणाली, "झेंडे नका बघू, पोरगी बघा." मग बघितली.

सहावी होतीस, पाचवी झालीस, मग तिसरी. बाराव्या लॅपला तू एक्केचाळीसच्या मागे आलीस, तेव्हा मी उभा राहिलो, मागचे ओरडले, "काका, बसा!" शेवटच्या सरळ रस्त्यावर तुम्ही दोघं शेजारी होतात, आणि मला चक्क कळेना कोण पुढे आहे. फलकावर तुझा नंबर वर आला. मी काकूचा हात धरला होता, उजव्या हाताने, आणि दुखत नव्हता हे मला घरी आल्यावर आठवलं.

वर्षात तू चौथी. त्याचं मला वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू, पुन्हा त्या भानगडीत नाही पडायचं. ती एक रेस आणि ती एक बंदी नसती तर वरची जागा तुझी होती. पण काकू कुंपणापाशी पाणी घेऊन उभी होती, तिथे मी मनाने परत परत जाऊन पाहतो, आणि मला चौथीच बरी वाटते. जुळलं म्हणायचं.

काल संघटनेचं पत्र आलं. पुढच्या मोसमात पाचवं वळण पुन्हा मला देतायत. सोबत दरवर्षीचा फॉर्म आहे, आणि आपल्या दोघांच्या कृपेने त्यात एक नवीन प्रश्न आलाय: स्पर्धकांपैकी कुणी आपलं नातेवाईक आहे का? असल्यास, त्या दिवशी वळण मिळणार नाही. म्हणजे राष्ट्रीय फेरी आपल्या इथे आली की वर्षातली सगळ्यात मोठी रेस, आणि मी झेंड्याविना.

जोडीदार म्हणाला, लिहू नको, आडनाव वेगळं लावते ती. मी त्याला चहा पाजून घरी पाठवला. 'आहे' लिहिलं. नातं: सख्खी पुतणी. पुढे 'इतर काही माहिती' म्हणून दोन ओळी मोकळ्या होत्या, तिथे काही लिहायची गरज नसते.

मी लिहिलं, उशिरा ब्रेक मारते, पण मारते.

तुझा
काका